पहिली ऑल-ग्रेन बीअर, म्हणजे आठ तासांची पेज

आधीच सांगतो, बीअर झाली. पिण्यासारखी झाली. पण जी करायला गेलो होतो ती नाही झाली, आणि का नाही झाली ते मला नाशिकला बसलेल्या माझ्या आईने व्हिडिओ कॉलवर सांगितलं, जिने आयुष्यात बीअरला हात लावलेला नाही.

तर झालं असं की गेली दोन वर्षं मी पोर्टलंडच्या घरी, गॅरेजमध्ये, किटवाली बीअर करतोय. किट म्हणजे काय तर मॉल्टचा अर्क, काकवीसारखा घट्ट पाक, डब्यात भरून मिळतो, तो पाण्यात ढवळायचा, हॉप्स (बीअरला कडवटपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं) टाकून उकळायचा, गार करायचा, यीस्ट घालायचं, झालं. चांगली होते, खोटं कशाला बोला. पण गुलाबजामचं रेडीमिक्स आणून "मी घरी केले" म्हणण्यातलाच प्रकार आहे तो. मित्र कौतुक करायचे तेव्हा आतून जरा ओशाळल्यासारखं व्हायचं, कारण खरं अवघड काम, म्हणजे दाण्यातून साखर काढायचं, ते कारखान्यात कुणीतरी आधीच करून ठेवलेलं असतं. ऑल-ग्रेन म्हणजे ते कामही आपण करायचं. दाणे आणायचे, भरडायचे, ठराविक तापमानाच्या पाण्यात तासभर मुरवायचे, गाळायचे, आणि मग पुढचं.

इथे हे सगळं कायदेशीर आहे बरं का. अमेरिकेत १९७८ च्या ऑक्टोबरात जिमी कार्टरांनी कायद्यावर सही केली, आणि १९७९ च्या फेब्रुवारीपासून घरच्या घरी, विकायची नसेल तर, बिनकराची बीअर करता येते, एका माणसाला वर्षाला १०० गॅलन आणि दोन मोठी माणसं असलेल्या घराला २०० गॅलन. २०० गॅलन म्हणजे साडेसातशे लिटर. आम्ही दोघं मिळून वर्षाला पन्नास लिटर संपवत असू तर डोक्यावरून पाणी. नाशकात हेच केलं तर १९४९ चा दारूबंदी कायदा अजून उभा आहे, बनवायचं सोडाच, प्यायलाही परवाना लागतो, तेव्हा तिकडे कुणी हे वाचून पातेलं चढवू नका.

फेब्रुवारीतला शनिवार. बाहेर पोर्टलंडचा तो नेहमीचा पाऊस, धड पडतही नाही आणि थांबतही नाही. बायको म्हणाली, "अरे सकाळी सात वाजता गॅरेजमध्ये शेगडी पेटवणाऱ्या माणसाला काय म्हणतात?" मी म्हटलं डूलॅली म्हणतात. इंग्रजीतला हा शब्द आमच्या देवळालीवरून आलाय, तिथल्या कॅम्पमध्ये गोरे सोल्जर घरी जायच्या बोटीची वाट बघत महिनोन्महिने पडून राहायचे आणि त्यांची डोकी फिरायची, म्हणून डोकं फिरलेला तो डूलॅली. आता मुंबईत त्याच नावाचे बीअरचे पब आहेत, म्हणजे वर्तुळ पूर्ण झालं. बायकोला हे मी निदान चार वेळा सांगितलंय. पाचव्यांदा ऐकून ती झोपायला परत गेली.

सामान असं होतं. साडेचार किलो पेल मॉल्ट, पाव किलो क्रिस्टल मॉल्ट (हा जरा भाजका, रंग आणि थोडा कॅरॅमलसारखा गोडवा द्यायला), कॅस्केड हॉप्स, कोरड्या यीस्टचं एक पाकीट. मॉल्ट म्हणजे सातूच, त्याला मोड आणून भट्टीत सुकवलेला. हॉप्स कॅस्केडच घ्यायचे हे माझं आधीपासून ठरलेलं, कारण कॅस्केड ही इथलीच पोर, ऑरेगनमध्ये कोरव्हॅलिसला पैदा केली आणि १९७२ साली बाहेर आली, अमेरिकन पेल एल नावाच्या बीअरला जो वास येतो तो हिच्यामुळे. पाकीट फोडलं की हिरव्या गोळ्या दिसतात, थेट गुरांच्या पेंडीसारख्या, पण नाक लावलंत तर पपनसाच्या सालीचा वास. मी आधी दहा मिनिटं नुसता हुंगतच बसलो होतो.

आणखी एक वस्तू घेतली ती सांगायलाच पाहिजे. भाताचं तूस. पाव किलो. गाळताना दाण्यांचा थर चिकट होऊन तुंबला तर हे तूस मिसळतात म्हणजे पाण्याला वाट मिळते. मी वाचून वाचून इतका घाबरलो होतो की आधीच घेऊन ठेवलं. सिन्नरला मामाच्या गिरणीमागे याचा ढीग पडलेला असायचा, आम्ही त्यावर उड्या मारायचो, ते मी डॉलर मोजून पिशवीत घेतलं. हे तिकडे सांगायची सोय नाही.

दाणे दुकानातच भरडून मिळतात. म्हणजे तिथे मशीन असतं, आपणच वरून ओतायचे आणि बटण दाबायचं. शुक्रवारी संध्याकाळी दुकान बंद व्हायला पंधरा मिनिटं होती, मागे एक माणूस उभा होता, मी ओतले, बटण दाबलं, पिशवी बांधली, निघालो. पिशवीत बघितलंसुद्धा नाही. लक्षात ठेवा हे.

मॅश करायला, म्हणजे दाणे गरम पाण्यात मुरवायला, मी तो पिकनिकला सरबत न्यायचा दहा गॅलनचा गोल कूलर घेतलाय, खाली तोटी, आत जाळी बसवलेली. त्यात गरम पाणी ओतायचं, त्यात दाणे, आणि झाकण लावून तासभर सोडून द्यायचं. पाणी ७४ अंशांचं ओतलं की दाणे मिसळल्यावर सगळं ६७ वर येतं असा हिशोब. ६७ च का तर सातूला मोड येतात तेव्हा त्याच्यातली दोन एन्झाइम कामाला तयार होतात जी पिष्टाची साखर करतात. एकाला साठ ते पासष्टच्या आसपास बरं वाटतं, ते यीस्टला खाता येईल अशी साधी साखर करतं, बीअर कोरडी होते. दुसऱ्याला सत्तरच्या आसपास बरं वाटतं, ते जरा लांबुडकी साखर ठेवतं जी यीस्टला पचत नाही, मग बीअरला अंग येतं. ६७ म्हणजे दोघांचंही थोडं थोडं ऐकायचं. आणि पंच्याहत्तरच्या वर गेलात की दोघंही राम म्हणतात.

हे सगळं पाठ होतं. थर्मामीटर दोन होते. आणि तरी मी कूलर आधी गरम पाण्याने विसळून घ्यायला विसरलो. रात्रभर थंडगार गॅरेजमध्ये पडलेला कूलर, त्यात पाणी ओतलं, दाणे ओतले, ढवळलं तर ६३.५. शिवाय गुठळ्या. पिठल्यात होतात तशाच गुठळ्या, वरून ओल्या, आत कोरडं पीठ. लाकडी उलथन्याने एकेक दाबून फोडली, दीड लिटर पाणी उकळून ओतलं, तेव्हा कुठे साडेसहासष्ट झालं. झाकण लावलं, वर जुनी रजई गुंडाळली, आणि खुर्चीवर बसलो.

तेव्हा तो वास आला. झाकणाच्या फटीतून. कुणी मला डोळे बांधून तिथे आणलं असतं तर मी सांगितलं असतं की कुणीतरी हॉर्लिक्स करतंय. आणि हॉर्लिक्सच्या मागून अजून एक वास, जो मला पटकन ओळखता येईना, आणि मग आला लक्षात. नाचणीसत्त्व. माझ्या धाकट्या बहिणीसाठी आई करायची. नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, उन्हात खडखडीत वाळवायची, जरा भाजायची, दळायची आणि वस्त्रगाळ करायची. त्याची पेज नुसत्या नाचणीच्या पेजेपेक्षा पातळ आणि गोडसर का होते, हे मला चाळीस वर्षांनी गॅरेजमध्ये बसून कळलं. तेच एन्झाइम. आई घरी मॉल्टिंग करत होती आणि आम्हाला कुणाला पत्ता नव्हता.

तासाभराने आयोडीनची टेस्ट केली. शाळेत बटाट्यावर थेंब टाकून निळं-काळं करायचो ना, तीच. पांढऱ्या बशीत कूलरमधलं चमचाभर पाणी, त्यावर थेंब. पिष्ट उरलं असेल तर काळं होतं. झालं जरा काळपट. अजून पंधरा मिनिटं ठेवलं, परत केली, आता रंग तसाच तपकिरी राहिला. मी खूश. आता कळतंय की ती टेस्ट फक्त पाण्यात काय आहे तेवढंच सांगते, दाण्याच्या पोटात काय अडकून राहिलंय ते तिला काय माहीत.

मग गाळायचं. पहिले दोन-तीन लिटर गढूळ येतात, ते हळूच परत वरून ओतायचे, दाण्यांची टरफलंच खाली बसून गाळणी होतात. मग तोटी सोडायची. मी तुंबायची वाट बघत तूस हातात घेऊन उभा, आणि इथे तर धो धो! काय सुंदर, काय स्वच्छ, मधाच्या रंगाचं, नळ सोडल्यासारखं येतंय. मी व्हिडिओ काढून मित्रांच्या ग्रुपवर टाकला. "पहिल्याच फटक्यात" असं लिहिलं वर. दुसऱ्यांदा गरम पाणी ओतून दाणे धुतले, तेही असंच धाडधाड खाली. एकूण २५ लिटर.

आता मापायचं, पाण्यात साखर किती उतरली ते. त्याला हायड्रोमीटर लागतो, दूध संघात लॅक्टोमीटर बुडवून पाणी घातलंय का बघतात तोच भाऊ, साखर जास्त तर वर तरंगतो. नमुना आधी गार करावा लागतो नाहीतर आकडा खोटा येतो. वाटी बर्फात ठेवली, गार केली, बुडवला. साध्या पाण्याचा आकडा १.०००, जितकी साखर तितका तो वर. यायला पाहिजे होता १.०४२. आला १.०३४.

परत बुडवला. १.०३४. चष्मा पुसून बघितलं. लॅक्टोमीटरवाल्या दूध संघात पकडले जाणारे गवळी असेच उभे राहत असतील.

उकळी यायला वेळ होता म्हणून मी कूलरमधला चोथा बादलीत काढायला घेतला आणि तेवढ्यात आईचा फोन. तिकडे रात्रीचे साडेअकरा, तिला झोप येत नव्हती. मी कॅमेरा फिरवून सगळं दाखवलं. गॅसची शेगडी, तीस लिटरचं पातेलं, आणि जमिनीवर ती गार करायची तांब्याच्या नळीची गुंडाळी. ती बघितल्या बघितल्या म्हणाली, "हातभट्टी लावलीस का रे?" मी म्हटलं नाही गं आई, दारू गाळणं वेगळं, ते इथेही चालत नाही, हे नुसतं उकळून गार करायचं. मग बादलीतला चोथा दाखवला. म्हटलं बघ, सगळी साखर निघून गेल्यावर हे उरतं.

ती दोन सेकंद गप्प. मग म्हणाली, "हे अख्खेच दाणे दिसतायत की."

"अगं भरडलेत ते."

"कशाने भरडलेत, हाताने? जवळ धर बघू."

मी मूठभर चोथा उचलून कॅमेऱ्याजवळ धरला. आणि खरंच. तिसरा हिस्सा तरी दाणे जसेच्या तसे, नुसते भिजून फुगलेले. एक दाताखाली धरला तर बाहेरून मऊ आणि आत खडूसारखा पांढरा कडक गर. तो पांढरा गर म्हणजे हायड्रोमीटरवर माझे गेलेले सगळे पॉइंट. पाण्याला आत शिरायला जागाच नव्हती. आणि म्हणूनच ते गाळताना नळासारखं धो धो येत होतं, ज्याचा मी व्हिडिओ टाकला होता.

"डाळ भरडताना कसं," आई सांगायला लागली, "साल सुटली पाहिजे आणि डाळ फुटली पाहिजे, पण पीठ नाही झालं पाहिजे. तू जात्याची पाळीच नीट लावली नाहीस." मी म्हटलं आई जातं नव्हतं, रोलर होते. "मग रोलरची लावली नाहीस."

दोन रोलरमधली फट साधारण एक मिलिमीटर किंवा जरा कमी लागते, अंदाजासाठी क्रेडिट कार्ड सरकवून बघतात लोक, कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटर असते. त्या मशीनवर माझ्या आधी कुणी काय भरडलं होतं देव जाणे, कदाचित मका असेल. मी वाकून बघितलंच नाही. तापमानाबद्दल मी इतकं वाचलं होतं, पाण्याबद्दल तर विचारू नका, पोर्टलंडचं बुल रनचं पाणी फार हलकं असतं म्हणून त्यात चिमूटभर जिप्सम, त्यात क्लोरामाइन असतं म्हणून कॅम्पडेनची गोळी, सगळं सगळं केलं. आणि भरड बघितली नाही. ज्याला कुणाला हे करायचंय त्याने थर्मामीटर नंतर घ्या, आधी पिशवीत हात घालून दाणे बघा.

कपाटात जुन्या किटमधली मॉल्ट पावडरची अर्धी पिशवी पडली होती. ती टाकली असती तर आकडा बरोब्बर आला असता. कुणाला कळलं नसतं. मी पिशवी हातात घेऊन परत ठेवली. हट्टच म्हणा. रेडीमिक्स नको म्हणून तर हा सगळा खटाटोप.

या विचारात असतानाच पातेलं उतू गेलं. दूध जातं तसंच, तितक्याच गुपचूप, तुम्ही पाठ फिरवायचीच वाट बघत असतं. फेस भसकन वर आला, शेगडीवर सांडला, आणि जळक्या साखरेचा वास घरात वरपर्यंत. बायको उठली. पुढचं संभाषण इथे देत नाही. एवढंच की ती साखर बर्नरवरून मला नंतर सुरीने खरवडावी लागली, दोन दिवस.

पुढचं पटकन सांगतो कारण पुढचं मला किटमुळे येत होतं. तासभर झाकण न लावता उकळलं, झाकण लावलं की उकडलेल्या मक्याचा वास राहतो. सुरुवातीला ४० ग्रॅम हॉप्स कडवटपणासाठी, शेवटची दहा मिनिटं उरली तेव्हा २८ ग्रॅम, गॅस बंद करताना आणखी २८, वासासाठी. मग ती हातभट्टीची नळी आत सोडली, तिच्यातून बागेच्या पाइपाचं पाणी, फेब्रुवारीत नळाचं पाणीच इतकं गार असतं की पंचवीस मिनिटांत शंभराचं वीसवर आलं. मुलीने येणारं गरम पाणी बादल्यांमध्ये धरलं, त्यातच सगळी भांडी घासली. बादलीत २० लिटर, आकडा १.०४२. म्हणजे उकळायच्या आधी जो यायला हवा होता तो उकळून झाल्यावर आला, यायला हवा होता १.०५२. एफिशियन्सी, म्हणजे दाण्यातून जेवढी साखर निघू शकते त्यातली हाती आलेली, ५९ टक्के. शाळेत एवढे मार्क पडले असते तर आईने जेवायला वाढलं नसतं.

यीस्ट घातलं, झाकण, त्यावर पाण्याचा बुडबुड्या (आतला गॅस बाहेर जाऊ देणारी झडप), आणि बादली कोटांच्या कपाटात. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी धावत आली, "बाबा, बादली बोलतेय." खरंच बोलत होती. तीन दिवस नुसती बडबड, मग हळूहळू गप्प. दोन आठवड्यांनी १.०१०. म्हणजे ४.२ टक्के अल्कोहोल. मी पाच-सव्वापाच धरून चाललो होतो.

बाटल्या ४८ भरल्या, ११५ ग्रॅम डेक्स्ट्रोज विरघळवून, म्हणजे बाटलीत परत थोडं आंबून गॅस होतो. परत दोन आठवडे थांबायचं. मी नवव्या दिवशी एक फोडली, सगळेच फोडतात.

रंग फिक्या कोऱ्या चहाचा, फेस पांढरा आणि चांगला टिकणारा, वास मात्र अगदी मनासारखा, पपनस सोलल्यावर बोटांना राहतो तो. तोंडात घेतल्यावर जरा पातळ. आणि कडू, कारण हॉप्स मी पूर्ण ताकदीच्या बीअरच्या हिशोबाने टाकलेले आणि खाली गोडवा कमी पडलेला. बायकोने एक घोट घेतला आणि म्हणाली, "चांगली आहे. काढ्याच्या वरची आहे." हे तिच्याकडून कौतुक समजावं. एप्रिलपर्यंत अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस संपल्या, त्यातल्या बऱ्याच तिनेच, ४.२ टक्के असल्यामुळे दुपारीही चालते म्हणे.

चोथ्याचं थालीपीठ करून बघितलं, ते करू नका. टरफलं घशात टोचतात. उरलेला शेजारच्यांच्या कोंबड्यांना घातला, त्यांची काही तक्रार नाही.

मे महिन्यात दुसऱ्यांदा केली. या वेळी दुकानात सकाळी गेलो, रोलरमध्ये कार्ड घालून बघितलं, आणि तरी भरवसा वाटेना म्हणून दाणे दोनदा फिरवले. पिशवीत हात घातला. काय मस्त भरड. आईला फोटो पाठवला, तिने नुसता अंगठा पाठवला. कूलर आधी गरम केला, ६७ म्हणजे ६७ लागलं. आणि तोटी सोडली तर पेलाभर आलं आणि बंद. परत सोडली, थेंब थेंब. दोनदा फिरवल्यामुळे अर्ध्याचं पीठच झालं होतं आणि खाली लापशीसारखा थर घट्ट बसला होता.

तूस गॅरेजच्या फळीवर होतं, पिशवी तशीच बंद. दातांनी फोडली.